बेडकांचे तळे आणि हॅमिल्टनचा हिशेब

‘प्राणी संरक्षणासाठी कळप करतात’ हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. संरक्षण कोणाचे, हे मात्र क्वचितच विचारतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ साली हा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी एक काल्पनिक तळे घेतले.

गोल तळ्याच्या काठावर बेडूक बसले आहेत. पाण्यातला साप रोज एकदा कुठेतरी डोके वर काढतो आणि सर्वांत जवळचा बेडूक पकडतो. समजा, एका बेडकाचे शेजारी डावीकडे ३ व उजवीकडे ५ पावलांवर आहेत. दोन्हीकडचे निम्मे अंतर, म्हणजे ४ पावलांचा काठ, हा त्याच्या वाट्याचा धोका. उडी मारून तो दुसऱ्या दोघांमधल्या २ पावलांच्या फटीत बसला, की धोका उरतो १ पावलाचा. सगळेच असे करू लागले, की काठावर बेडकांचे पुंजके दिसू लागतात. गंमत पहा, सर्वांच्या वाट्यांची बेरीज म्हणजे तळ्याचा परीघ. तो काही बदलत नाही! रोज एक बेडूक जातोच. कळपाला फायदा शून्य, तरी कळप होतो. या प्रारूपातले हेच मला सर्वांत मोलाचे वाटते.

पण हा साप फारच भोळा आहे. खरा भक्षक पुंजक्याकडेच वळू लागला, तर दूर एकटा बसलेला बेडूक सुखी. शिवाय काठ ही रेषा आहे, माळरान नव्हे. माळावर जवळच्या शेजाऱ्याकडे सरकल्याने धोक्याचे क्षेत्र दर वेळी घटतेच असे नाही, हे हॅमिल्टन यांनाही ठाऊक होते. तेवढ्याच नियमाने जोड्या आणि लहान टोळकी बनतात. शेकडोंचा कळप बनत नाही.

२०१२ साली मेंढ्यांच्या आणि त्यांना वळवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर जीपीएस यंत्रे बांधून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा येताच मेंढ्या कळपाच्या मध्याकडे ओढल्या गेल्या. हा हॅमिल्टनच्या बाजूचा पुरावा खराच. तरीही गर्दीत भक्षक गोंधळतो म्हणूनही मेंढ्या तशाच वागतील. एकच वागणूक दोन कारणांनी घडू शकते. ‘सिद्ध झाले’ असे फळ्यावर लिहिण्याची घाई नको.

त्यापेक्षा मैदानावर फक्कीने वर्तुळ आखावे, वीस मुलांना काठावर उभे करावे आणि एकाला साप करावे. आधी सापाचे डोळे बांधून, मग उघडे ठेवून खेळावे. दोन्ही वेळी मुले कुठे उभी राहिली, ते वहीत काढून घ्यावे.