ईश्वराचे गौरव आणि घरचा संसार

मनुष्याच्या जन्माचे मुख्य प्रयोजन काय, हा स्कॉटलंडच्या धर्मप्रश्नोत्तरीतला पहिला प्रश्न आहे. ही प्रश्नोत्तरी सतराव्या शतकातली. तिचे उत्तर थोडक्यात असे, की ईश्वराचे गौरव करावे आणि त्याच्याच ठायी सदैव आनंद मानावा. त्याच परंपरेत वाढलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि गिरगावात आंब्रोळीस शाळा काढून बसले. तेव्हापासून हा विचार आमच्या शहरात वावरत आहे. विल्सन कॉलेजावरून चौपाटीस फिरावयास जाणाऱ्या वाचकांपैकी किती जणांच्या मनास तो शिवला असेल, हे मात्र सांगणे कठीण.

ह्याचे एक कारण भाषेत आहे. मराठी पवित्र शास्त्रात ह्या कल्पनेसाठी बहुधा ‘गौरव’ हा शब्द योजिला आहे. आमच्या कानांस गौरव म्हटले, की सत्कारसमारंभ, हारतुरे आणि अध्यक्षांचे भाषण आठवते. आणि ईश्वरास असल्या सत्काराची गरज ती काय, असे मनात येते. परंतु शब्द मुळापासून पाहिला तर त्याचा अर्थ निराळा आहे. गुरु म्हणजे जड. गौरव म्हणजे जडपणा, वजन. नवल असे, की हिब्रू भाषेत ह्या अर्थी जो ‘काबोद’ शब्द आहे, त्याच्या मुळाशीही जडपणाच आहे. तेव्हा ईश्वराच्या गौरवासाठी जगणे म्हणजे त्याची स्तुती गात बसणे नव्हे. आयुष्याच्या तराजूत सर्वांत जड पारडे त्याचे ठेवणे, हा त्याचा अर्थ. पौलाने खाण्यापिण्यापर्यंतची प्रत्येक कृती ह्या गौरवासाठी करावयास सांगितली, ती ह्याच अर्थाने. मग खरा प्रश्न हा उरतो, की ते पारडे जड झाले म्हणजे दुसऱ्या पारड्यातून कोण वर उचलले जाते?

ह्या प्रश्नाच्या कसोटीवर मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दोन आत्मचरित्रे घासून पाहावीत, असे आम्हांस वाटते. पहिले बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’. ते १८८४ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. मुंबईत शिकत असता बाबा परमहंस मंडळीत वावरले होते. जातिभेद मोडावयाचा, पण दार लावून, अशी त्या मंडळीची रीत होती. बाबांनी १८५४ साली बेळगावी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. मनात जे जड ठरले ते जगासमोर मांडावयाचे, घरात एक आणि चवाठ्यावर दुसरे असे जगावयाचे नाही, हा त्यांचा गौरवाचा अर्थ. तो खोटा आहे असे कोण म्हणेल? तथापि ग्रंथ वाचताना लेखकाची दृष्टी सतत स्वतःच्या मनाच्या प्रवासाकडे लागलेली दिसते. मागे राहिलेल्यांची बाजू आपणांस त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही.

ती बाजू ऐकावयास मिळते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा पदरी लहानगा दत्तू घेऊन आप्तांच्या आश्रयास होत्या. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी पतीवाचून काढली. नंतर त्या त्यांच्याकडे गेल्या. काही काळ त्यांनी आपली चूल निराळी ठेविली. सोवळे हळूहळू सुटले, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांची वृत्ती अशी, की पैसा हातात आला तरी तो घरी पोचेल ह्याचा भरवसा नाही. दारी आलेला माणूस घरचाच झाला. शेवटी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणिले, तुकोबांची वाट धरली, ह्याची प्रशंसा पुष्कळांनी केली आहे आणि ती यथार्थ आहे. पण तुकोबांच्या वाटेवर आणखी एक व्यक्ती उभी असते, तिचा विसर पडतो. तुकोबांची आवली आपणांस ठाऊक आहे ती कजाग म्हणून. घरात दाणा नसता नवरा अभंग गातो, ह्यावर ती काय म्हणाली हे कीर्तनकार आपणांस सांगतात आणि श्रोते हसतात. आवलीने स्वतः लिहिले असते तर? आमच्या मते ‘स्मृतिचित्रां’चे खरे मोल येथे आहे. संताच्या घरातली बाई येथे प्रथमच स्वतःच्या तोंडाने बोलली आहे.

आणि ती काय बोलते? ती तक्रार करीत नाही आणि आरतीही ओवाळीत नाही. नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःचे अज्ञान, उपासमार, फजिती, हे सारे ती हसत सांगते. पती देवाचा झाला म्हणून त्याच्या चुकांस ती देवाची मोहोर लावीत नाही, आणि चुका दिसल्या म्हणून त्याच्या भक्तीस ढोंग म्हणत नाही. ईश्वराच्या गौरवाचा उच्चार ह्या ग्रंथात क्वचित. पण निराश्रित मुले सांभाळणारे आणि रोग्यांच्या उशाशी बसणारे हात पानोपानी दिसतात.

येथे दोन आक्षेप येतील. ख्रिस्ती वाचक म्हणतील, की आम्ही भक्तीचे मोल किराण्याच्या हिशेबाने करीत आहो. ख्रिस्तानेच तर घरदार सोडून मागे येण्यास सांगितले. आक्षेप वजनदार आहे. पण स्वतःचे सोडणे आणि दुसऱ्याचे सोडून देणे ह्यांत अंतर आहे. टिळकांनी १८९५ साली जे सोडले त्यात लक्ष्मीबाईंचाही वाटा होता, आणि तो देताना त्यांस कोणी विचारले नव्हते. उलट पक्षी हिंदू वाचक म्हणतील, की हे परधर्माचे दुखणे, आम्हांस त्याचे काय? त्यांनी आपल्याच आळीकडे पाहावे. देशकार्य, समाजकार्य, वाङ्मयसेवा ह्यांचे पारडे जड करून घरच्यांस हवेत लोंबकळत ठेवणारे पुरुष गिरगावच्या चाळींत किंवा दादरच्या बिऱ्हाडांत काय थोडे झाले? आम्ही लेखक मंडळीही त्यातून सुटत नाही.

आमचा निर्णय असा, की ‘अरुणोदया’त गौरवाचा अर्ध अर्थ आहे आणि टिळकांच्या आयुष्यात तो पाऊण आहे. जड पारडे ईश्वराचे असावे. पण ज्या तराजूत जवळचे माणूस कवडीमोल ठरते त्या तराजूची दांडी सरळ नव्हे. टिळकांस हे अगदीच कळले नाही असे नाही. पत्नीस लिहिते केले ते त्यांनीच.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि सुमारे अकरा अध्यायांवर ते राहिले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. १९३६ साली त्या वारल्या, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. ईश्वराच्या गौरवासाठी जिला मागे ठेवून तो निघाला होता, तिनेच त्याचे गौरवगान पुरे केले. वाचकांनी ‘ख्रिस्तायन’ उघडावे, पण त्यापूर्वी ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. म्हणजे त्या ओव्यांचे वजन हातास लागेल.