पाडकामातील विवेक

वास्तुकलेचे समीक्षक उभ्या राहिलेल्या इमारतीविषयी भरभरून लिहितात. तिच्यासाठी जे पाडले गेले त्याविषयी क्वचितच. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराबाबत मात्र हे मौन परवडणारे नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील मूळ मंदिर तेथे जवळजवळ बाराशे वर्षे उभे होते, आणि ते कोणा शत्रूने नव्हे, ख्रिस्तसभेनेच पाडले.

पाडणे अकारण नव्हते. भिंती कलल्या होत्या. १८ एप्रिल १५०६ रोजी पोप ज्यूलियस दुसरे यांनी नव्या मंदिराची कोनशिला बसविली. परंतु वास्तुविशारद ब्रामांते यांनी पाडकामात अशी घाई केली, की त्यांना ‘रुइनान्ते’, म्हणजे विध्वंसक, हे नाव मिळाले. शाबूत उतरविता येण्याजोगे प्राचीन खांब ते पाडून फोडतात, असा आक्षेप खुद्द मायकेलअँजेलो यांनी घेतल्याचे त्यांचे चरित्रकार कोंदिवी नमूद करतात. आयुष्यभर दगडाशी झुंजणाऱ्या शिल्पकाराला त्या खांबांचे मोल ठाऊक होते.

शंभर वर्षांनी, पोप पॉल पाचवे यांच्या कारकिर्दीत, मंदिराचा उरलेला पूर्वभागही पाडण्यात आला. या वेळी मात्र महामंदिराचे दप्तर सांभाळणारे जाकोमो ग्रीमाल्दी यांनी तेथील वेद्या, कबरी व भित्तिचित्रे यांची रेखाटनांसह नोंद करून ठेवली. फिलारेते यांनी १४४५ साली पूर्ण केलेली कांस्याची दारे नव्या प्रवेशद्वाराला उंचीने अपुरी पडली. ती टाकून न देता जोड देऊन बसविली गेली. आजही ती मधल्या प्रवेशद्वारी आहेत.

नोंदवही ही मंदिराची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. तरीही नव्या घुमटाची भव्यता मान्य करून मी म्हणेन, की त्या वास्तूचे मूल्यमापन ब्रामांतेंच्या आराखड्याइतकेच ग्रीमाल्दींच्या नोंदींवरूनही व्हावे.

आपल्या धर्मग्रामांतही जुनी मंदिरे अपुरी पडतात. नवे बांधणे हा दोष नव्हे. पण सभेत नकाशा आणि खर्च यांवरच चर्चा होते. ज्या कुंडाशी आपल्या आजोबा-आजींचा स्नानसंस्कार झाला ते कुंड, त्या वेदीचा दगड, ती घंटा कोठे जाणार, हे पहिली कुदळ पडण्यापूर्वी कागदावर यावे. धर्मग्रामस्थांनी तो कागद मागून घ्यावा.