न आलेला एनिग्मारेल

पॅरिसच्या गॅलरी बोझार्तमध्ये १७ जानेवारी १९३८ च्या रात्री आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर एका यंत्रमानवाचे छायाचित्र आहे. नाव एनिग्मारेल. फ्रँकेनस्टाइनचा हा अस्सल वंशज रात्री साडेबारा वाजता, खोट्या मांसाचा नि खोट्या रक्ताचा, दालनातून चालत जाईल, असे पत्रिका सांगते. पाहुणे आले, एनिग्मारेल आला नाही.

अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनांच्या पत्रिका, हस्तपत्रके, सूचिपुस्तिका आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. अभ्यासक त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहतात. प्रदर्शन उतरवले जाते, कागद उरतो, मग कागदावरून प्रदर्शन पुन्हा उभे करायचे, ही आपली रीत. एनिग्मारेलच्या पत्रिकेपुढे ती लंगडी पडते. ही पत्रिका काय घडले ते सांगतच नाही. उलट, जे घडणार नाही त्याची वेळ देते! शिवाय हा यंत्रमानव काही नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी करमणुकीच्या रंगमंचावर तो मिरवला गेला होता. आत माणूस दडलेला असे, असे म्हणतात. म्हणजे एका जुन्या बनवाबनवीची ही नवी जाहिरात. ती वाचून आलेला माणूस अंधाऱ्या दालनात विजेरी हातात घेऊन हिंडतो. डोक्यावर मार्सेल द्युशाँने छताला टांगलेली कोळशाची पोती (बाराशे होती म्हणतात, आत कागद कोंबलेले). आणि तो साडेबाराची वाट पाहतो. त्या प्रदर्शनाची छायाचित्रे पुष्कळ आहेत. हे वाट पाहणे एकाही छायाचित्रात येत नाही. ते फक्त पत्रिकेत आहे. म्हणून मी तिला प्रदर्शनाची नोंद न मानता प्रदर्शनातली एक कलाकृतीच मानतो.

असे मानले की संग्राहकांचा निकष उलटा वाटू लागतो. त्यांना प्रत कोरी करकरीत हवी असते. पण कोरी राहिलेली पत्रिका बहुधा कोणाच्या खिशात गेलेलीच नसते. घडी पडलेली, कोपरा दुमडलेली, पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने काही खरडलेली प्रत मला जास्त बोलकी वाटते. तिने आपले काम केलेले असते. बाजारात मात्र तिचा भाव पडतो.

यातला पेच सर्वांत उघडा पडतो तो १९४७ च्या सूचिपुस्तिकेत. पॅरिसच्या गॅलरी माग्तमधील प्रदर्शनासाठी तिची ९९९ प्रतींची खास आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर काळ्या मखमलीवर बसवलेला फोम-रबरचा स्तन. द्युशाँ आणि एन्रिको दोनाती यांनी न्यूयॉर्कमध्ये हे तयार स्तन विकत आणून हाताने रंगवले. पाठीमागे सूचना : कृपया स्पर्श करावा. संग्रहालयातल्या पाटीची टिंगल म्हणून ती गमतीची खरीच, पण बाईच्या शरीराचा एक तुकडा पुस्तकाला चिकटवून वाचकापुढे करणारी ही गंमत मला निर्व्याज वाटत नाही. या मंडळींना स्त्री नेहमी अशी तुकड्यांतच का सुचते, हा प्रश्न त्या मुखपृष्ठाला विचारलाच पाहिजे.

रबराने मात्र दोन्ही बाजूंची पंचाईत केली आहे. फोम-रबर काळानुसार पिवळे पडते, कडक होते, भुगा होऊन झडते. संग्रहालये या प्रती आता काचेखाली ठेवतात. पाठीमागची सूचना वाचायची तर पुस्तक पालथे करावे लागते, आणि ते काम हातमोजे घालून ग्रंथपाल करतो.