‘असॅसिन’ : व्युत्पत्ती, निंदा आणि भाषांतर

शब्दाची व्युत्पत्ती सापडली म्हणजे त्या शब्दाने निर्देशिलेल्या लोकांचा इतिहासही सापडला, असे मानण्याची सवय तौलनिक अभ्यासात अजून टिकून आहे. इंग्रजीतील ‘असॅसिन’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

फ्रेंच प्राच्यविद् सिल्व्हेस्तर द सासी यांनी १८०९ मध्ये या शब्दाचे मूळ अरबी ‘हशीशी’ या शब्दात असल्याचे दाखवून दिले. ध्वनिदृष्ट्या हा निर्णय आजही मान्य आहे. मात्र नावावरून आचार सिद्ध करण्याची पुढची उडी निराधार होती. इराणातील आलमूत किल्ला १०९० मध्ये हसन सब्बाहने घेतल्यापासून १२५६ मधील मंगोल स्वारीपर्यंत तेथे नांदलेल्या निझारी इस्माइली पंथाचे फिदाई हशीश घेऊन हत्या करीत, याला समकालीन इस्माइली ग्रंथांत आधार नाही. ‘हशीशी’ ही विरोधकांनी हासडलेली शिवी होती. हलकट, समाजबाह्य माणूस एवढाच तिचा आशय. बर्नार्ड लुईस आणि विशेषतः फरहाद दफ्तरी यांच्या संशोधनानंतर याविषयी फारसा संशय उरत नाही. तरीही मार्को पोलोच्या नंदनवनाची कथा कोशांतून आणि कादंबऱ्यांतून चालूच आहे. रंजक कथेला पुराव्याची गरज भासत नाही, हेच खरे.

युरोपात शब्द पोहोचला तेव्हा त्याचा रोख वेगळाच होता. प्रोव्हांसाल प्रेमकवींना त्यात निष्ठा दिसली : प्रिया म्हणजे पर्वतावरचा म्हातारा आणि प्रियकर त्याचा आज्ञाधारक सेवक. दांतेच्या ‘इन्फर्नो’च्या एकोणिसाव्या सर्गात मात्र तोच शब्द विश्वासघातकी मारेकऱ्यासाठी येतो. निष्ठेकडून दगाबाजीकडे झालेला हा अर्थापकर्ष पंथाच्या इतिहासापेक्षा युरोपीय कल्पनाशक्तीविषयीच अधिक सांगतो. (आपल्याकडे ‘फिदाई’शी सगोत्र असलेला ‘फिदा’ प्रेमातच रमला, हा योगायोग गमतीचा.)

मुंबईत या शब्दाला कायदेशीर वजनही आले. १८६६ च्या आगाखान खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी आगाखानांची वंशपरंपरा आलमूतच्या इमामांपर्यंत नेली. ज्या इतिहासावर ही शिवी चिकटली होती, तोच येथे वारसाहक्काचा पुरावा ठरला.

भाषांतराचा प्रश्न यापुढचा. ‘मॅक्बेथ’च्या पहिल्या अंकात नायक राजाला मारण्याचा विचार करताना ‘असॅसिनेशन’ हे लांबलचक भाववाचक नाम वापरतो. कृत्याला थेट नाव देणे तो टाळतो. मराठीत ही पळवाट सहज मिळत नाही. ‘वध’ म्हटले की कंस, कीचक आठवतात आणि मारणारा न्यायाच्या बाजूला जातो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती या अर्थशक्तीमुळेच. ‘हत्या’ म्हटले की ब्रह्महत्येचे पातक सोबत येते. फारसीतून आलेला ‘खून’ मुळात रक्त. आज तो फौजदारी न्यायालयाचा शब्द आहे. १९४८ च्या घटनेला ‘गांधीवध’ म्हणणारे आणि ‘गांधीहत्या’ म्हणणारे एकाच घटनेविषयी बोलत असले, तरी त्यांनी निकाल आधीच दिलेला असतो. मॅक्बेथच्या तोंडी यांपैकी कोणताही शब्द घातला, तरी त्याने स्वतःपासून लपवलेले काहीतरी मराठी प्रेक्षकाला त्याच्या आधी कळते.