गरजेचे वाक्य आणि गरजवंत : ‘बायोडिझाइन’ या ग्रंथाविषयी काही विचार

वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीचे शिक्षण देणाऱ्या ग्रंथाची चिकित्सा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या ग्रंथाची सारी मांडणी एका वाक्यावर उभी आहे, त्याविषयी बोलण्याचा काही अधिकार व्याकरणाकडेही येतो. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेला ‘बायोडिझाइन’ हा असा ग्रंथ आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१५ साली निघाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल यॉक व जॉश मॅकोवर यांनी २००१ साली वैद्यकीय नवनिर्मितीच्या शिक्षणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची कार्यपद्धती या ग्रंथात सविस्तर आली आहे.

या पद्धतीचे तीन भाग आहेत : गरज ओळखणे, उपाय शोधणे आणि तो व्यवहारात आणणे. वैद्य, अभियंता, व्यवसायशास्त्राचा पदवीधर अशा भिन्न शाखांतील व्यक्तींचा लहान गट प्रथम रुग्णालयात जाऊन केवळ निरीक्षण करतो. त्यातून शेकडो गरजा नोंदविल्या जातात आणि पुढे चाळणी लावून थोड्या उरविल्या जातात. प्रत्येक गरज एकाच वाक्यात मांडावयाची असते. त्या वाक्यात समस्या कोणती, ती कोणत्या रुग्णसमूहात आढळते आणि कोणता परिणाम साधावयाचा, ही तीन अंगे हवीत. उपायाचा उल्लेख मात्र त्यात येता कामा नये. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, साध्य सांगणाऱ्या वाक्यात साधन शिरू नये.

हा नियम दिसतो त्याहून खोल आहे. छातीत अधूनमधून धडधड होणाऱ्या रुग्णांचे उदाहरण घेऊ. हृदयाच्या तालाची सतत नोंद करणारे होल्टर यंत्र रूढ पद्धतीत एक-दोन दिवस लावले जाई. ‘होल्टर यंत्र अधिक लहान हवे’ असे वाक्य कोणी लिहिले, तर त्यातील ‘यंत्र’ हे नामच उत्तर गृहीत धरते. ज्याला आठवड्यातून एकदा धडधड होते, त्याला यंत्र लहान झाल्याने काय लाभ? त्याऐवजी ‘क्वचित व क्षणिक धडधड होणाऱ्या रुग्णांमध्ये तालाचा बिघाड टिपण्याचा मार्ग’ असे लिहिले, म्हणजे काळाचा प्रश्न पुढे येतो. (दोन्ही वाक्ये माझी आहेत.) स्टॅनफर्डच्या या उपक्रमातून निघालेल्या आयरिदम कंपनीची छातीवर चिकटवावयाची पट्टी चौदा दिवसांपर्यंत नोंद घेते. गृहीतके उघडी पाडणारी ही शिस्त कोणत्याही शाखेतील संशोधनविद्यार्थ्याने अंगी बाणवावी अशी आहे, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

माझा आक्षेप याच वाक्याच्या घडणीविषयी आहे. मूळ इंग्रजी साच्यात रुग्णसमूहाचा निर्देश ‘रुग्णांमध्ये’ अशा अर्थाने होतो. म्हणजे रुग्ण हा अधिकरण ठरतो, समस्येचे केवळ स्थान ठरतो. गरज कोणाची, हे वाक्य सांगत नाही. मराठीची प्रकृती याहून वेगळी आहे. ‘मला भूक लागली’, ‘तिला दुखते’, ‘त्याला पाणी हवे’ या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत येतो. ‘हवे’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. इंग्रजी साच्यात हा प्रश्न न विचारताही वाक्य पूर्ण होते, आणि म्हणूनच तो विसरला जाण्याचा संभव अधिक.

ही केवळ व्याकरणाची बारकाई नव्हे. २००७ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत व तेथील आयआयटीत या उपक्रमाची भारतीय शाखा सुरू झाली. तिच्यातून पुढे आलेल्या कन्शुअर मेडिकल या कंपनीने अंथरुणाला खिळलेल्या व शौचावर ताबा नसलेल्या रुग्णांसाठी साधन तयार केले. या ठिकाणी ‘कोणाला काय हवे’ असे विचारून पाहावे. रुग्णाला लाज राखली जावी असे वाटते, परिचारिकेला श्रम कमी व्हावयास हवे असतात आणि रुग्णालयाला जंतुसंसर्ग टाळावयाचा असतो. ‘रुग्णांमध्ये’ असे लिहिले की या तिन्ही चतुर्थी एका सप्तमीच्या अर्थात लोपतात. मग यशाचे माप कोणते धरावयाचे, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवितो. आणि या तिघांत रुग्णाचा आवाज सर्वांत क्षीण असतो.

ग्रंथकारांना याची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्ण, वैद्य, परिचारिका, खर्च देणारे यांच्या दृष्टिकोनांचा विचार ग्रंथात आला आहे, आणि वाक्य पुनःपुन्हा तपासावे असेही सांगितले आहे. परंतु हितसंबंधी घटकांचे स्वतंत्र विवेचन गरजेच्या वाक्यानंतरच्या टप्प्यात येते. शिवाय रुग्णाची भाषा व नोंदीची भाषा एकच आहे, अशी समजूत सर्वत्र अध्याहृत दिसते.

आपल्याकडे ही समजूत टिकणारी नाही. मुंबईच्या आयआयटीतील ‘बेटिक’ या केंद्राने पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांना जोडून घेऊन वैद्यकीय उपकरणनिर्मितीचे कार्य आरंभिले. महाराष्ट्रातील रुग्णालयांत रुग्ण बहुधा मराठीत बोलतो आणि कागदावर इंग्रजी उतरते. ठणका, कळ, चमक, ठसठस, चुरचुर हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. कागदावर मात्र बहुधा एकच शब्द उरतो. ‘अंगावरून जाणे’ या संकोचाच्या प्रयोगात तर दोन निरनिराळ्या तक्रारी सामावतात. माझ्या आईने एका रुग्णालयात ‘पाय आपले वाटत नाहीत’ असे सांगितले आणि नोंद झाली ‘पाय दुखतात’ अशी. बधिरपणाची वेदना झाली, आणि काही महिने उपचारही वेदनेवरच झाले. वेदनेच्या शब्दांना निदानमूल्य असते, हे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅगिल विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीतून दाखविले होते. तिच्यात ७८ इंग्रजी शब्दांचे २० गट आहेत.

तेव्हा माझी सूचना मर्यादित आहे. नवनिर्मितीचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाने गरजेच्या वाक्याआधी आणखी एक वाक्य लिहून घ्यावे : रुग्णाने उच्चारलेले, त्याच्याच भाषेतील, जसेच्या तसे. त्यानंतर गरजेच्या वाक्यात ‘कोणाला’ हे पद सक्तीचे करावे. हे दोन संस्कार देण्याचे काम भाषाविभाग करू शकतात. यात वेळ जाईल हे खरे. परंतु चुकीच्या गरजेवर उभारलेले उपकरण कितीही कुशलतेने बनविले, तरी त्यात खर्ची पडलेली वर्षे परत मिळत नाहीत. ‘बायोडिझाइन’ने उपायाला वाक्याबाहेर ठेवण्यास शिकविले, हे त्याचे ऋण मोठे आहे. गरजवंताला वाक्यात आणण्याचे काम मात्र अजून व्हावयाचे आहे.