नाकारलेल्या शब्दाची संहिता
यशयाच्या तिसाव्या अध्यायातील धिक्काराचा खरा विषय श्रोता आहे. इ. स. पूर्व आठव्या शतकात अश्शूरच्या भयाने यहूदा ईश्वराला न विचारता मिसराचा आश्रय घेतो आणि द्रष्ट्यांकडे गोड शब्द मागतो. यशया त्याला फुटक्या मडक्यात पाहतो : चुलीतला विस्तव उचलण्यापुरतीही खापरी उरणार नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याच्या वाचकाला ही प्रतिमा परकी नाही. परकी आहे ती वाणीची दिशा. त्याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने ज्यांचे जन्मगाव, ते नामदेव भक्ताच्या बाजूने देवाशी भांडतात. यशया देवाच्या बाजूने लोकांशी. नामदेवांचा विठ्ठल ऐकतो; यशयाचा श्रोता कान मिटतो. म्हणूनच तो शब्द पुढील काळासाठी लिहून ठेवण्याची आज्ञा होते. ही संहिता नकारातून जन्मते, आणि प्रत्येक वाचकाला त्याच श्रोत्याच्या जागी उभे करते.