‘विषारी’ या एका शिक्क्याखाली

बागकामाच्या पुस्तकांत आणि पुरवण्यांत ‘घरातील विषारी झाडे’ अशी यादी हमखास असते. शाळेच्या भित्तिपत्रकावरही ती उतरते. हेतू चांगलाच, पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना ही यादी, जशी छापली जाते तशी, फारशी कामाची नाही असे आमचे मत आहे.

कोरफड, डिफेनबाखिया, पॉइन्सेटिया, कण्हेर, लिली अशी नावे एकाखाली एक येतात, जणू सर्वांचा धोका सारखाच. पॉइन्सेटियाचा चीक तोंडाला झोंबतो, लाळ गळते, फार तर उलटी होते. त्याची दहशत अवाजवी आहे. डिफेनबाखियाच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताच ते जिभेत रुततात, त्यामुळे मांजर दुसरा घास सहसा घेत नाही. (कच्च्या अळूची खाज ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.) कण्हेरीचे तसे नाही. तिच्यातील ओलिअँड्रिन हृदयस्नायूंच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखते आणि ठोके बिघडतात. हे विष मांजर, गुरे, माणूस कोणालाच सोडत नाही.

लिलीबाबत तर यादी दिशाभूलच करते. ‘लिली’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. रेन लिली वेगळ्या कुळातली, वॉटर लिली वेगळ्या, आणि पीस लिली तर चक्क अळूच्या कुळातली. मांजराच्या मूत्रपिंडांना घातक आहेत त्या लिलियम आणि हेमेरोकॅलिस, म्हणजे डे लिली, या दोन प्रजाती. फुलवाल्याच्या गुच्छातील मोठी सुवासिक लिली बहुधा लिलियमच असते. पान कुरतडले, अंगावर सांडलेले पराग चाटले, फुलदाणीतले पाणी प्यायले, एवढेही पुरते. काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात; मांजर सावरले असे वाटते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. तीच लिली कुत्र्याने खाल्ली तर पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे नेऊन सलाइन सुरू करावे लागते. १८ तास उलटल्यावर त्याचा उपयोग फार घटतो. छापील यादीत हे क्वचितच सापडते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तक्ता करून घ्यावा तो रकाने पाडून: शास्त्रीय नाव, रसायन, कोणता अवयव, कोणता प्राणी. लिलियमच्या ओळीत रसायनाचा रकाना रिकामा राहील, कारण ते विष अजून ओळखता आलेले नाही.

‘झाडे उंचावर ठेवा’ हा सल्लाही मांजर न पाहिलेल्या माणसाचा वाटतो. लिलियम घरात नकोच, गुच्छातही. कण्हेर कुंपणाला असू द्यावी, मात्र छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नयेत. डिफेनबाखियाच्या जागी स्पायडर प्लँट चालेल, तो निरुपद्रवी आहे. शिवाय एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. मांजरांना हिरवे काही चघळायला आवडतेच.